टेहळणी कोणाची, पाळत कोणावर?

आंबोलीच्या महादेवगडावर आज गडपणाची खूण म्हणून दाखवावे असे फारसे काही उरलेले नाही. पावसाळ्यात तर गड राहिला बाजूला, दहा पावलांवर उभा असलेला माणूसही धुक्यात दिसेनासा होतो. वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणारे हे गाव. धुके तेथे चार महिने मुक्कामालाच असते. परंतु एखाद्या स्वच्छ सकाळी कड्यावर उभे राहिले की पूर्वजांनी ही जागा कशासाठी हेरली, ते सांगावे लागत नाही. खाली सावंतवाडीकडचे कोकण पसरलेले, दूरवर मनोहर-मनसंतोषगडाची जोडी, आणि घाट चढून देशावर येणारी वाट नजरेच्या टप्प्यात. येथे बसणाऱ्या पहारेकऱ्याला एकच काम होते. ते म्हणजे टेहळणी.

मराठीत या कामाला आणखी एक शब्द आहे, ‘पाळत’. दोन्ही शब्दांत पाहणेच आहे; परंतु बोलणाऱ्याच्या मनात त्यांचे अर्थ सहसा वेगळे असतात. टेहळणी गडावरून होते, बाहेरून येणाऱ्याची होते. पाळत ठेवली जाते ती आपल्यातल्याच कोणावर तरी, आणि बहुधा त्याच्या नकळत. टेहळणी करणाऱ्याचे गाव आभार मानते. पाळत ठेवणारा गावात आला की लोक बोलणे थांबवितात. भाषेने शतकानुशतके जपलेला हा भेद राज्यकर्त्यांनीही जपावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. अडचण अशी की आजच्या साधनांना हा भेद कळत नाही. घाटातला कॅमेरा शस्त्रे घेऊन जाणारी गाडी टिपतो, आणि आजारी आईला भेटायला बेळगावहून सावंतवाडीला निघालेल्या मुलाचीही गाडी टिपतो. दूरध्वनीच्या ज्या तारेवर घातपात्याचा आवाज पकडला जातो, त्याच तारेवर विरोधी पक्षाच्या आमदाराचाही पकडता येतो. यंत्राला भेद करता येत नाही म्हणून तो कायद्याने करावयाचा असतो. आपल्या देशात तो पुरेसा झालेला नाही, आणि याची खंत सर्वाधिक कोणाला वाटावयास हवी असेल, तर ती आणीबाणीत तुरुंग भोगलेल्या राष्ट्रवादी चळवळीलाच.

देशाला डोळे हवेत, याबद्दल दुमत नाही. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला तर ते कोणी पटवून देण्याची गरज नाही. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत याच कोकण किनाऱ्यावर, रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे, शस्त्रे व आरडीएक्स उतरले आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये दहा अतिरेकी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून समुद्रमार्गे आले आणि १६६ जणांचा बळी घेऊन गेले. त्यानंतर किनाऱ्यावर रडार बसले, सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. मुंबईत २०१६ मध्ये सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचे जाळे कार्यान्वित झाले. या प्रत्येक गोष्टीला नाक मुरडणारी एक मंडळी आहेत. बंदूक घेऊन आलेल्याच्या मानवाधिकारांवर त्यांची लेखणी सरसर चालते आणि रुळांवर पडलेल्या प्रवाशांपाशी येताच अडखळते. त्यांच्याशी वाद घालण्यात येथे जागा दवडण्याचे कारण नाही.

परंतु १९९३ आणि २००८ या दोन वर्षांकडे जरा निराळ्या बाजूने पाहिले पाहिजे. दिघीला माल उतरला त्या जानेवारीतल्या रात्री डोळे मिटलेले नव्हते. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी त्या गाड्या अडविल्या होत्या. नाका होता, पहारेकरी होते, गाड्या समोर उभ्या होत्या. तेथे सौदा झाला. पुरेसे रोख पैसे नव्हते म्हणून चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवण्यात आल्या, आणि गाड्या पुढे गेल्या. विशेष टाडा न्यायालयाने पुढे या प्रकरणी पोलिसांना आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांनाही दोषी ठरविले. आता दुसरा नाका पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी होती. तेथे तुकाराम ओंबळे या सहायक उपनिरीक्षकाने केवळ काठीच्या बळावर कसाबची बंदूक छातीशी धरून ठेवली आणि मरता मरता त्याला जिवंत पकडून दिले. गोंडघर आणि गिरगाव या दोन नाक्यांतील फरक कॅमेऱ्यांच्या संख्येचा नव्हता. पहिल्या ठिकाणी डोळे विकले गेले होते.

त्याच हल्ल्यात आणखी एक गोष्ट घडली, तिचा उल्लेख फार थोडे लोक करतात. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधील अतिरेक्यांना सीमेपलीकडून मिळणारे आदेश दहशतवादविरोधी पथकाने चालू संभाषणात ऐकले आणि ध्वनिमुद्रित केले. पाकिस्तान हात झटकू लागले तेव्हा तेच मुद्रण जगापुढे ठेवता आले. ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने त्या संभाषणांचा आपल्या निकालपत्रात विस्ताराने समावेश केला. तेव्हा दूरध्वनी ऐकणे मुळातच पाप आहे, असे कोणी सांगू लागला तर त्याला हे निकालपत्र वाचावयास द्यावे.

येथवर सारे सरळ आहे. यापुढची वाट मात्र पुन्हा आंबोलीला येते.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सांगलीत लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण पोलिसांच्या मारहाणीत कोठडीतच दगावला. संशयित पळून गेले, अशी नोंद करण्यात आली. त्याचा मृतदेह सुमारे दीडशे किलोमीटर दूर आंबोलीला आणून महादेवगडाच्या परिसरात जाळण्यात आला. ज्या कड्यावरून कधी काळी शत्रूची टेहळणी होत असे, तेथे कायद्याच्या रक्षकांनी आपले कृत्य लपविण्यासाठी अग्नी पेटविला. नातेवाइकांनी आणि सांगलीकरांनी आवाज उठविला, प्रकरण उघडकीस आले, उपनिरीक्षकासह पोलीस गजाआड गेले, तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. हे सर्व झाले. व्यवस्थेचा काही भाग जिवंत आहे, याची ती खूणच म्हणावयाची. परंतु त्या रात्री वाटेत नाके असतीलच, तर पोलिसांना नाक्यावर कोण अडविणार? त्या कोठडीत काय चालले होते, ते पाहणारा डोळा कोणता होता?

हा प्रश्न निव्वळ भावनेचा नाही. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह कोणताही भाग न वगळता, आवाजही टिपणारे कॅमेरे बसविण्याचा आणि त्यांचे चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, ठाण्यांत चालू कॅमेरेच नाहीत अशी बातमी वाचून न्यायालयाला स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली. चौकात, बाजारात, धबधब्यावर कॅमेरे तत्परतेने लागतात, त्यांचे उद्घाटन होते, फिती कापल्या जातात. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्याची फीत कापताना कोणी फारसे दिसले नाही. तो बंद पडला तर दुरुस्तीला कोण येणार? कारण तो बंद असण्यात ज्यांचे हित आहे, त्यांच्याच हातात त्याची कळ आहे.

मध्यमवर्गीय घरांतून या विषयावर एक उत्तर हमखास ऐकू येते. ज्याने काही केलेलेच नाही, त्याला भीती कशाची? उत्तर प्रामाणिक आहे आणि म्हणूनच त्याचा विचार केला पाहिजे. मध्य प्रदेशातील एका शिक्षकाची कथा या संदर्भात प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावयास हवी. नगरपालिकेच्या शाळेतला हा शिक्षक शासकीय सेवेत घेतला गेला आणि थोड्याच काळात घरी पाठविला गेला. कारण एवढेच की पोलिसांच्या गुप्त अहवालात, तो पूर्वी संघाच्या आणि जनसंघाच्या कार्यक्रमांत भाग घेत असे, अशी नोंद होती. त्याने चोरी केली नव्हती, शिकविण्यात कुचराई केली नव्हती. त्याने खरोखरच ‘काही केलेले’ नव्हते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी राज्य सरकारचे अपील फेटाळले आणि माणसाच्या विचारांचा पोलिसी अहवाल मागवून त्याची भाकरी काढून घेण्याच्या या पद्धतीची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. न्यायमूर्ती रेड्डी संघविचारांचे नव्हते, ते डाव्या वळणाचे म्हणून ओळखले जात. न्यायाला त्याने फरक पडला नाही. तो शिक्षक न्यायालयापर्यंत पोहोचला. ज्यांची नावे अशा कागदांवर चढली आणि ज्यांना ते कधी कळलेही नाही, त्यांचे काय झाले असेल?

कोकणाला तर ही पाळत फार जुनी ओळखीची आहे. ६ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याहून सुटलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांना ब्रिटिशांनी रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध केले. अट पाच वर्षांची होती, ती वाढत वाढत १० मे १९३७ पर्यंत चालली. जिल्ह्याची वेस परवानगीवाचून ओलांडावयाची नाही, राजकारणात पडावयाचे नाही. आंबोली त्या काळी सावंतवाडी संस्थानात होती, म्हणजे त्या वेशीच्या पलीकडे. आजच्या सिंधुदुर्गाचा मालवण-वेंगुर्ल्याचा भाग वेशीच्या आत, आणि हा घाट बाहेर. तेरा वर्षे एक माणूस सरकारी डोळ्यांच्या पहाऱ्यात राहिला; आणि त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या लेखी तीसुद्धा राज्याची सुरक्षाच होती. आपला गुप्तवार्ता विभाग १८८७ साली सुरू झालेल्या त्याच यंत्रणेचा वारसदार आहे. त्याच्या अधिकाऱ्यांनी स्वतंत्र भारताची अमोल सेवा केली आहे, यात शंका नाही. तथापि त्याची कार्यकक्षा, अधिकार आणि मर्यादा सांगणारा स्वतंत्र कायदा संसदेने अद्याप केलेला नाही.

आणि मग १९७५. बंगळूरला संसदेच्या एका समितीच्या बैठकीसाठी गेलेले वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधू दंडवते यांना २६ जूनला तेथेच अटक झाली. दंडवते हे राजापूरचे, म्हणजे सावंतवाडी-आंबोलीच्या मतदारांनीही निवडून दिलेले खासदार. ते समाजवादी, बाकीचे जनसंघाचे आणि संघटना काँग्रेसचे. कारावासाच्या भिंतीने हा भेद मानला नाही. ४ जुलैला संघावर बंदी आली. शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणे एकट्या ‘मिसा’खाली ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाली. कोणाला उचलावयाचे याच्या याद्या एका रात्रीत तयार होत नसतात. कोण कोणाकडे जातो, शाखेत कोण येतो, वर्गणी कोण देतो, याच्या नोंदी शांततेच्या काळात निगुतीने लिहून ठेवलेल्या होत्या. वेळ येताच त्या फक्त कपाटातून काढल्या गेल्या. कोणतीही यादी कशासाठी केली, हे ती करणाऱ्याच्या हेतूवर ठरत नाही. ती पुढे कोणाच्या हाती पडते, यावर ठरते.

त्या काळच्या सर्वोच्च न्यायालयाने काय केले, हेही विसरता येणार नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल लागला की, आणीबाणी असेतो स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. एखाद्या अधिकाऱ्याने आकसाने कोणाचा जीव घेतला तरी उपाय नाही का, या न्यायमूर्ती खन्नांच्या प्रश्नाला सरकारच्या महान्यायवादींनी, कायद्याप्रमाणे नाही, असेच उत्तर दिले होते. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल दिला आणि सरन्यायाधीशपद गमावले. बहुमतातील चौघांपैकी एक होते यशवंतराव चंद्रचूड. एक्केचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. त्या निकालपत्रात जबलपूरचा निकाल सदोष ठरवून मोडीत काढणारे शब्द लिहिले ते त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी. पित्याचा निकाल पुत्राने रद्द करावा, यात व्यक्तींविषयी काही उणे-अधिक बोलण्याचे प्रयोजन नाही. न्यायासनाची परंपरा जिवंत राहते ती अशीच. त्या निकालाने सरकारचे हात बांधले, असे जे सांगितले जाते ते मात्र खरे नाही. राष्ट्राची सुरक्षा हे खासगीपणावर बंधन घालण्याचे वैध कारण आहे, हे त्यात स्पष्ट आहे. बंधन कायद्याने घातलेले असावे, त्यामागे खरे प्रयोजन असावे आणि ते प्रयोजनाच्या प्रमाणात असावे, एवढेच न्यायालय म्हणते. उंदीर मारण्यासाठी घर पेटवू नये, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक असलेले शहाणपण आहे.

खासगीपणा ही पश्चिमेकडून आलेली चैन आहे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा कोकणातले जुने घर पाहावे. खळ्यात कोणीही यावे, पडवीत वाटसरूने टेकावे, ओटीवर पाहुण्याने बसावे. माजघराच्या उंबऱ्याशी मात्र पाऊल आपोआप थांबते. त्या उंबऱ्यापाशी पहारेकरी नसतो, कुलूपही नसते. आत काही पाप चाललेले असते म्हणून उंबरा असतो, असे कोणी मानीत नाही. आत बाळंतीण असते, देव असतात, घरातल्यांची भांडणे असतात. घर म्हणजे हेच.

आज हे माजघर माणसाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आले आहे, आणि हेही कबूल केले पाहिजे की त्याचे दार पुष्कळदा घरमालकानेच सताड उघडे टाकले आहे. आंबोलीच्या धबधब्याखाली काढलेले कुटुंबाचे छायाचित्र गाडी घाट उतरून दाणोलीला पोहोचण्यापूर्वीच परदेशी कंपनीच्या संगणकात जाऊन बसते. सरकारने आधार मागितला की संतापणारे गृहस्थ एखाद्या फुकटच्या खेळासाठी आपल्या साऱ्या ओळखीपाळखीचे क्रमांक देऊन मोकळे होतात. आधारचा आरंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी पाड्यात झाला. शिधा आणि निवृत्तिवेतन मधल्या दलालांच्या हातून सोडविण्यात त्याचा उपयोग झाला हे मान्य करावेच लागेल. असो.

प्रश्न शिल्लक राहतो तो राज्याच्या डोळ्यांवर कोणाचा डोळा, हाच. दूरध्वनी ऐकण्याचा अधिकार १८८५ च्या तार कायद्यातून आला, आणि १९९६ पर्यंत त्याला नियमच नव्हते. त्या अधिकाराने राज्यकर्त्यांना किती मोहात पाडले, याच्या कथा सर्वपक्षीय आहेत. १९८८ मध्ये दूरध्वनी ऐकल्याच्या आरोपावरून शेजारच्या कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरयाणाचे दोन हवालदार पाळतीवर सापडल्याचे निमित्त झाले आणि चंद्रशेखर यांचे सरकार गेले. १८ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नियम आले. गृहसचिवाचा लेखी आदेश हवा, तो साठ दिवस चालेल, वाढवून फार तर एकशे ऐंशी दिवस, आणि एक पुनर्विलोकन समिती दोन महिन्यांनी सारे आदेश तपासील. २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे नियम यांनी हाच साचा पुढे चालविला. नियम कागदावर चांगले आहेत. परंतु आदेश देणारा सचिव, आणि तो तपासणारेही सचिवच. केंद्रात समितीच्या शिरोभागी मंत्रिमंडळ सचिव, राज्यात मुख्य सचिव. न्यायाधीश नाही, लोकप्रतिनिधी नाही. ज्याच्यावर पाळत होती त्याला पाळत संपल्यावरही ते कळविण्याची तरतूद नाही, मग तो दाद मागणार कशाची?

याचा परिणाम काय होतो ते मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१९ च्या एका निकालात दिसते. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या संशयावरून एका उद्योजकाचे दूरध्वनी २००९-१० मध्ये ऐकण्यात आले होते. लाच हा गुन्हा खराच. परंतु दूरध्वनी ऐकण्यासाठी कायद्याला सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांतील एक कारण लागते, आणि येथे त्यातले काहीच दाखविता आले नव्हते. न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. पुनर्विलोकन समितीने हे वेळीच रोखावयास हवे होते. चूक दुरुस्त होण्यास दहा वर्षे लागली, आणि तीही त्या गृहस्थास न्यायालयीन लढाई परवडली म्हणून. महाराष्ट्रातच पुढे लोकप्रतिनिधींचे दूरध्वनी भलत्याच नावांखाली ऐकले गेल्याची तक्रार झाली, गुन्हे नोंदविले गेले, खटला चालविण्यास मंजुरी मिळाली नाही, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते गुन्हे रद्द केले. प्रकरण कायद्याने संपले. भलत्या नावाचा आदेश समितीपुढे आला असता तर तो तिला ओळखता आला असता का, हा प्रश्न मात्र कोणत्याही निकालाने सुटत नाही. पेगॅसस प्रकरणातही २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हेच बजावावे लागले की, राष्ट्रीय सुरक्षा हा शब्द उच्चारला म्हणजे सरकारला प्रत्येक प्रश्नातून सूट मिळत नाही.

कौटिल्याचे नाव या चर्चेत फार सहज घेतले जाते. गूढपुरुषांचे जाळे विणणारा, संन्याशापासून व्यापाऱ्यापर्यंत सर्वांना हेर म्हणून वापरणारा आचार्य, एवढेच त्याचे चित्र रंगविले जाते. परंतु अर्थशास्त्रातील हेरांचे प्रकरण पुढे वाचणाऱ्यास दिसते की, एका हेराच्या सांगण्यावर त्याचा विश्वास नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांचे म्हणणे जुळले तरच ती वार्ता खरी मानावयाची, आणि ज्यांच्या वार्ता वारंवार जुळत नाहीत त्यांना दंड करावयाचा किंवा कामावरून काढावयाचे. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या राजसत्तेला जी काळजी घ्यावीशी वाटली, ती लोकसत्तेला जड का वाटावी?

वाऱ्याची दिशा पाहता ही काळजी तातडीची झाली आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. परंतु सुरक्षा, सार्वभौमत्व, सुव्यवस्था या कारणांसाठी कोणत्याही शासकीय यंत्रणेला त्यातून सूट देण्याचा अधिकार त्याच कायद्याने सरकारच्या हाती ठेवला आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ घालून देण्याचा आदेश काढला. चोरीचे मोबाइल आणि बनावट जोडण्या रोखण्याचा हेतू चांगला होता. देशभरातून प्रश्न आले आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. सरकारने ऐकले, ही समाधानाची गोष्ट. विचारणाऱ्यांना राष्ट्रविरोधी म्हणण्याची घाई ज्यांनी केली, त्यांनी सरकारच्या या माघारीचा अर्थ लावून पाहावा.

पाळतीने सुरक्षा वाढतेच असेही नाही, याचे एक उदाहरण जंगलातले आहे आणि आंबोलीकरांना ते जवळचे वाटेल. आंबोली-दोडामार्ग हा वाघाच्या वाटेवरचा पट्टा. संरक्षित म्हणून तो घोषितही झाला आहे. वाघ मोजण्यासाठी अशा जंगलांत सापळा-कॅमेरे लावावे लागतात आणि ते लावलेच पाहिजेत. उत्तराखंडात कॉर्बेटच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की, त्याच कॅमेऱ्यांत लाकूडफाट्यासाठी जाणाऱ्या बायकाही टिपल्या जात होत्या आणि एका स्त्रीचे नको त्या अवस्थेतले छायाचित्र गावात फिरविले गेले. त्यानंतर बायका जंगलात मोठ्याने बोलेनाशा झाल्या, गाणी म्हणेनाशा झाल्या. श्वापद जवळ येऊ नये म्हणूनच त्या आवाज करीत असत. रक्षणासाठी लावलेल्या डोळ्याने त्यांचे रक्षण करणारा आवाजच बंद केला.

सिंधुदुर्गापुरते बोलावयाचे तर वेळ अजून गेलेली नाही. २०२५ मध्ये या जिल्ह्याच्या प्रशासनाने कारभारात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला आणि देशातील पहिला असा जिल्हा म्हणून त्याचे कौतुक झाले. यंत्र आता केवळ पाहणार नाही. पाहिलेले ताडून अनुमानही काढील. अशा जिल्ह्याने आणखी एका बाबतीत पहिले व्हावे. आंबोलीच्या घाटापासून मालवणच्या बंदरापर्यंत सरकारचे कॅमेरे किती, त्यांचे चित्रण किती दिवस ठेवले जाते, ते गेल्या वर्षभरात कोणकोणत्या अधिकाऱ्याने किती वेळा मागवून पाहिले, आणि पोलीस ठाण्यांतल्या कोठड्यांचे कॅमेरे किती दिवस बंद होते, एवढे चार आकडे दरवर्षी जाहीर करावेत. यात शत्रूला उपयोगी पडेल असे काही नाही. कॅमेरा कोठे आहे हे कोणी विचारीत नाही. दूरध्वनींच्या बाबतीत निर्णय दिल्ली-मुंबईचा आहे. पुनर्विलोकन समितीत निदान एक निवृत्त न्यायाधीश बसवावा, आणि पाळत संपून काही निघाले नाही तर ठरावीक काळाने त्या नागरिकाला तसे कळवावे, ही मागणी संसदेत आणि विधिमंडळात मांडावयास कोणत्याही पक्षाची आडकाठी असू नये. जे आज सत्तेत आहेत त्यांच्या कार्यकर्त्यांनी ती अधिक जोराने मांडावी, कारण सरकार त्यांचे ऐकण्याचा संभव अधिक.

जिल्ह्याचे चार आकडे मागण्यासाठी तर मुंबईलाही जावे लागत नाही. कॅमेऱ्यांना निधी मिळतो तो बहुधा जिल्हा नियोजन समितीच्या मंजुरीने. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि तीत जिल्हा परिषदेचे, नगरपालिकांचे सदस्य बसतात. पुढच्या वेळी कॅमेऱ्यांच्या निधीचा विषय पटलावर येईल, तेव्हा त्यांपैकी कोणीही उभा राहून हा प्रश्न विचारू शकतो.